कोरडं इंजिन

बीबी, ६ ऑगस्ट

शेषा,

नाजिश म्हणते, पत्राच्या वर ‘चिरंजीव’ अन् ‘अनेक आशीर्वाद’ लिहा लागते. मी म्हटलं, अठ्ठावन वर्षांच्या माणसाले चिरंजीव काय म्हणतं, त्याचे अर्धे दात पडले असतील. अन् आशीर्वाद तर मी रोज सकाळी चूळ भरता भरता देऊनच राह्यली, त्याले कागद कायले पाहिजे.

तू म्हणशील, फोन असताना म्हातारीनं पत्र कुठून काढलं. फोनवर तू विचारतो, गोळ्या घेतल्या का. मी म्हणते, हाव. तू ठेवून देतो. बेचाळीस वर्षांत आपलं बोलणं एवढंच. कागद मधातच ठेवून देता येत नाही. फाडता येते, पण फाडाच्या आधी उघडा तर लागते.

मले अक्षर येत नाही हे तुले ठाऊक आहे. लिहून राह्यली ती शकूरची पोरगी, नाजिश. शकूर म्हणजे आपल्या अकीलभाई कलईवाल्याचा मुलगा, तुझ्यासंग विहिरीत उड्या मारायचा तो. आता बीबीत त्याचं पंप अन् इंजिन दुरुस्तीचं दुकान आहे. नाजिश त्याच दुकानात एका अंगाले कॉम्प्युटर मांडून लोकायचे फॉर्म भरून देते. हात चांगला चालते पोरीचा. फक्त मधातमधात हसते, तेवढं सहन करा लागते.

गोष्ट अशी की उन्हाळ्यात प्रेमचा फोन आला होता. तुले सांगितलं नसंल त्यानं, तुझाच पोरगा आहे. म्हणे, आजी, आजोबांचं ते पितळेचं इंजिन आहे का अजून? मी म्हटलं, आहे ना बाबा, कोठीमागं पोत्यात बसलं आहे, तुझ्या बापासारखं तोंड फिरवून. तो म्हणे, चालू झालं तर मी पाह्यले येतो. नातू येतो म्हटल्यावर मी पोतं ओढलं. टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या डब्यात, उंदरानं घर केलं होतं, त्यात माझ्याच जुन्या लुगड्याच्या चिंध्या.

नाजिशले सगळं पहिल्यापासून सांगा लागलं. आपल्या ह्या तालुक्यात रूळ नाही, रेल्वे येणार येणार म्हणता म्हणता मी म्हातारी झाली. तर गावातल्या कितीक लोकायनं पाह्यलेली पहिली आगगाडी म्हणजे आपल्या अंगणातली. हातभर लांब, पण खोटी नाही, पाण्याची वाफ करून चालणारी. तुझे आबा खामगावच्या कापसाच्या जिनात बॉयलरवर होते तवा तिथल्या म्हाताऱ्या इंजिनीयर साहेबानं जाताना त्यांच्या हातात ठेवली. वर्षातून एकदा, खंडेनवमीले, हत्यारांची पूजा झाली की आबा तिच्यात पाणी घालत, खाली स्पिरिटचा दिवा लावत, अन् ती अंगणातल्या रुळावर फिरे. बाया पदर तोंडाले लावून पाहत.

बाकी वर्षभर तिले घासाचं काम माझं. चिंच अन् राख लावून इतकं घासलं की पाटीवरचं इंग्रजी नाव पार गेलं. शकूरनं कपाळाले हात लावला. म्हणे, काकू, ह्या नावालेच मोल होतं. मी म्हटलं, मले कुठं वाचता येत होतं?

मंग नाजिशनं विचारलं, बंद कसं पडलं? मी सांगितलं, माझ्या पोरानं खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पेचकस घेऊन तिच्यात हात घातला. दुसऱ्या दिवशी गावासमोर पाणी उकळलं, वरची शिट्टी वाजली, पण चाक हललं नाही. बापानं त्याले दोन ठेवून दिल्या, अन् दसऱ्याले पोरगा घरातून गेला तो गेलाच.

माझ्या मनात आता काही नाही, शेषा. पोरायकडून मोडते. शकूर दसऱ्यापर्यंत करून देतो म्हणते. तू ये, अन् पाह्य.

तुझी आई

&nbsp;

बीबी, २५ ऑगस्ट

शेषा,

पत्र पोचलं हे प्रेमनं सांगितलं. तू वाचलं का हे त्याले सांगता नाही आलं. म्हणे, बाबांनी खिशात ठेवलं. असू दे. खिशात तर ठेवलं.

पोळा झाला. गावात बैल आठ उरले, अन् पूजा कराले ट्रॅक्टर बारा. मी बाजाराच्या दिवशी काळीपिवळीत बसून शकूरच्या दुकानात येते. गुडघे म्हणतात नको, मी म्हणते चला. तिथं गेलं की शकूर मले पोत्यावर बसवते अन् माझ्यासमोर तुझ्या आबाचं इंजिन कोंबडीसारखं सोलते. एकेक पेच बाटलीच्या झाकणात, झाकणाखाली चिठ्ठी, चिठ्ठीवर नाजिशचं अक्षर, वरून तिचा फोटो. माझं लग्न लागलं तवा एवढे फोटो नव्हते निघाले.

नुसतं दुरुस्त करून ही बापलेक थांबून नाही राह्यली. नाजिशनं मोबाइलवर पाह्यलं की परदेशात लोक जुन्या इंजिनात नवं काय काय बसवतात. स्पिरिटचा दिवा काढला, त्याच्या जागी लहान गॅसची शेगडी आली. तिचं तोंड शकूरनं स्टोव्हच्या पिनीनं साफ करून बसवलं. पाणी किती उरलं हे पाह्यले काचेची नळी, अन् दाब दाखवाले रुपयाएवढा काटा. मी म्हटलं, अरे, आबाले विचारलं असतं तर त्यांनी तुम्हाले दोघाले अंगणाबाहेर काढलं असतं. शकूर म्हणे, काकू, तुमच्या डोळ्यात मोतीबिंदूची काच बसवली तवा काकाले विचारलं होतं का? शकूर लहानपणापासून तोंडाळ.

बॉयलरची परीक्षा काय असते हे मी तुले सांगावं म्हणजे गंमतच. आबा गावासमोर म्हणाले होते, तुझ्या हाताले यंत्र नाही, घमेलं शोभते; अन् तू जाऊन नगरकडच्या साखर कारखान्यात जन्मभर बॉयलरवरच उभा राह्यला. तर शकूरनं बॉयलर थंड पाण्यानं गच्च भरला अन् फवारणीचा पंप जोडला, पाठीवरचा, कपाशीवर औषध मारतात तो. दांडा हलवत गेला, काटा चढत गेला. कुठं थेंब नाही गळला. जोड पक्के आहेत म्हणे, करणाऱ्याचा हात देवाचा होता.

चाकं पाह्यली, दांडे पाह्यले, सिलिंडर उघडून पाह्यले. शकूर म्हणे, काकू, शेषाभाऊनं ह्याच्यात काहीच बिघडवलं नव्हतं. एक पेच ढिला नाही, एक वाकडा नाही. मी म्हटलं, बेचाळीस वर्षानं तुले काय दिसते त्यातलं.

मंग त्यानं वाफेची नळी उघडी सोडली अन् पुन्हा पंप मारला. बॉयलर भरलेला, काटा चढलेला, पण नळीतून पाणी बाहेर येऊन नाही राह्यलं. शकूर म्हणे, आत काही तरी अडकलं आहे, पोट उघडून पाहा लागते. मी म्हटलं, राहू दे, एवढंच पुसून दे, नातवाले दाखवाले पुरे. तो म्हणे, पोट न पाहता औषध कसं द्यावं?

मी त्या दिवशी लवकर घरी आली. एसटीत जागा होती तरी उभी राह्यली.

तुझी आई

&nbsp;

बीबी, १४ सप्टेंबर

शेषा,

आज थोडंच. मले बरं नाही. ताप नाही, खोकला नाही, नुसतं अंग धरून बसते. डॉक्टर म्हणे, वय. एवढं सांगाले त्याले नळ्या कानात घाला लागल्या.

शकूरनं पोट उघडलं. बॅटरी लावून आत पाह्यलं. मंग नाजिशले चहा आणाले पाठवलं, अन् चहा तर दुकानासमोरच मिळते, तरी तिले सांगितलं की स्टँडवरून आण.

आतून सगळी कलई आहे. चांदीसारखी. अन् वाफेची नळी कथलानं गच्च बुजलेली. शकूरनं त्या कलईवरून बोट फिरवलं. मंग म्हणे, काकू, हा अब्बाचा हात आहे. अब्बा कथिल असंच फिरवत, डावीकडून. मी भाता मारायचो, मले ओळखू येते.

कलई त्याच्यात कशी गेली ते मले आठवत नाही. वय झालं. गावात कोणी तरी केलं असंल.

हे सांगितलं तर नाजिशनं पेन खाली ठेवला. म्हणे, आजी, अब्बांनी मला काही सांगितलं नाही अन् मी विचारत पण नाही. पण कलई आपोआप चढत नाही.

लिही म्हटलं तर लिहिते, हे तिचं बोलणंही लिही म्हटलं. तिनं लिहिलं. आता पुरे.

आई

&nbsp;

बीबी, २२ सप्टेंबर, घट बसले

शेषा,

नाजिशले सांगितलं, आज मी सांगंन तसं लिही, अन् मी थांबली तर तू थांब, मधात आपलं घालू नको. पोरगी आज हसून नाही राह्यली.

त्या वर्षी तुझी धाकटी बहीण राखी तीन वर्षांची होती. आता ती चिखलीले सासू होऊन बसली, पण तवा जे सापडंल ते तोंडात घाले. एक दिवस मी पाह्यलं तर इंजिन तिनं मांडीवर आडवं घेतलं होतं, नळीतून हिरवं पाणी गळत होतं अन् तिची बोटं हिरवी. मी तिच्या तोंडात बोट घालून ओकवलं. पितळेले कलई नसली की कळकते, कळकलेलं पोटात गेलं की माणूस जाते, एवढं शास्त्र मले येत होतं. वाफेचं शास्त्र येत नव्हतं. पितळ म्हणजे भांडं. पाणी ठेवाचं असंल तर कलई पाहिजे. मले ह्याच्यात चुकीचं काही दिसलंच नाही.

नवमीच्या चार दिवस आधी अकीलभाई गावात आले, लिंबाखाली भट्टी मांडली. मी भांड्यायची पाटी भरली. खाली पाण्याचा गुंड, त्याच्यावर दोन पातेले, ताकाची चरवी, अन् त्याच्या मधात इंजिन, फडक्यात गुंडाळून. तुझे आबा खामगावले गेले होते.

ती पाटी तुझ्या डोक्यावर दिली.

तू म्हटलं, आई, आबाले विचारू दे. मी म्हटलं, भांड्यातलं बाईले समजते, तू चाल. अकीलभाईनंही विचारून पाठवलं होतं, भाभी, हे पण का? तूच येऊन मले विचारलं, अन् मी म्हटलं, हाव, हे पण. वरची शिट्टी काढून त्या भोकातून त्यांनी नवसागर घातला, कथिल ओतलं, गोल गोल फिरवलं. भांड्यासारखं चोख काम करून दिलं. त्यांची काही चूक नाही. हे शकूरसाठी लिहून राह्यली. तो म्हणाला होता, काकू, मी तापवून सगळं काढून टाकतो, नवी नळी घालतो, कोणाले दिसणार नाही, तुमचंही झाकलं अन् अब्बाचंही. मी आठ दिवस हो म्हणून बसली होती.

पहिल्या पत्रात मी पेचकसाचं लिहिलं. पेचकस तुझ्या हातात होता, हे खरं. पण नवमीच्या दिवशी, इंजिन बंद पडल्यावर, तू आबाले मदत कराले आणला होता. मी तो दिवस एक दिवस मागं नेला. बेचाळीस वर्षं लोकायले तसंच सांगत आली. सांगता सांगता कधी कधी मलेही खरं वाटे.

आबानं विचारलं, कोणं हात लावला? सारं अंगण भरलं होतं. तू माझ्याकडं पाह्यलं. मी चुलीत फुंकर घालून राह्यली होती. चूल चांगली पेटलेली होती, शेषा. तरी मी फुंकत होती.

तू म्हटलं, म्या.

दोन ठेवून दिल्या म्हणून मी नाजिशले सांगितलं. दोन नव्हत्या, अन् हात नव्हता. जिनातला चामडी पट्टा होता. तू ‘म्या’ काऊन म्हटलं, ते मले तवाच समजलं होतं. त्याच वर्षी पोळ्याले माझं मनगट सुजलं होतं अन् मी सगळ्यायले सांगितलं होतं की पाटा पडला. तुले माहीत होतं, आपल्या घरचा पाटा जागचा हलत नाही.

मी म्हटलं, दिवाळीपर्यंत ह्याचा राग उतरंल, मंग सांगू. दसऱ्याले गाव सोनं वाटाले निघालं अन् तू पिशवी घेऊन निघाला. आबा त्यानंतर सव्वीस वर्षं जगले. रोज सांगू सांगू म्हटलं. मंग ते मऊ झाले, म्हातारे झाले, इंजिनाचं नावही काढत नव्हते. मी म्हटलं, आता कशाले उकराचं. ते गेले तवा तू आला. तिसऱ्या दिवशी राख सावडली अन् संध्याकाळच्या गाडीले निघाला. दारात चपला घालता घालता तू मले विचारलं, “आई, मले काही सांगाचं आहे का?”

मी म्हटलं, “डबा घे, रस्त्यात खाशील.”

तू डबा घेतला.

लोक म्हणतात, शेषराव बापावर रुसून गेला. मीही म्हणते. तू बापावर नाही रुसला. बापाचा मार तर तू स्वतःहून घेतला होता. तू वाट पाहत होता की मी एकदा तोंड उघडंन. एवढं मले पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

शकूरनं नळीचं तोंड तापवून आतलं कथिल काढलं. शिसपेन्सिलीच्या तुकड्याएवढी कांडी निघाली. ती ह्या पाकिटात आहे. टपालवाल्यानं विचारलं, आत काय आहे, तर मी सांगंन, माझी जीभ.

मी लय थकली, बाबा. ये म्हणत नाही. मले तो हक्क नाही, हे कळाले फार शिकाची गरज नाही.

आई

&nbsp;

बीबी, ३ ऑक्टोबर

शेषा,

परवा खंडेनवमी झाली. इंजिन शकूर स्वतः घेऊन आला, मांडीवर, नवरीसारखं. पितळ असं की तोंड पाहावं. मी पाह्यलं, अन् काही फार पाह्यासारखं नव्हतं. नाजिशनं पाटी नवी कोरून आणली होती. त्या साहेबाचं नाव कोणाले ठाऊक नाही, म्हणून तिनं नुसतं गावाचं नाव टाकलं. आता ह्या गावच्या नावाची एक तरी आगगाडी झाली.

दुकानात शकूरनं सायकलच्या पंपानं हवा भरून चाकं फिरवून पाह्यली होती. फिरतात. दांडे बरोबर मागंपुढं होतात. म्हणजे सगळं तयार. गाव अंगणात जमलं. हळदकुंकू वाह्यलं, विळा, कुऱ्हाड, पंपाचे पाने, नाजिशचा कीबोर्डही मांडला होता. मंग लोक म्हणे, आजी, पाणी घाला. मी म्हटलं, नाही. शकूर माझ्याकडं पाहत राह्यला. मी म्हटलं, कोरडंच राहू द्या. लोकायनं थोडी कुरकुर केली, पेढा खाल्ला अन् गेले. म्हातारी हेकट आहे, हे गावाले नवं नाही.

काल दसऱ्याले तुझा फोन आला. नाजिश सोनं द्याले आली होती, तिच्यासमोरच वाजला. मी म्हटलं, हाव. मी वाट पाहत होती की तू गोळ्याचं विचारशील, मी तोंडात उत्तर धरून ठेवलं होतं. किती वेळ गेला, कोण जाणे. तुझ्या मागं कुकरची शिट्टी झाली, ती ऐकू आली. सूनबाईनं डाळ लावली असंल.

मंग तू विचारलं, “पाणी कोणतं घालून राह्यले त्याच्यात?”

मी म्हटलं, “हापशीचं.”

“हापशीचं?” तू असा ओरडला की नाजिशनं फोनकडं पाह्यलं. “अक्कल आहे का शकूरले? खार बसते त्यानं, दोन वर्षात नळ्या जातील. आबा पावसाचं पाणी धरून ठेवत. गाळून, फडकं बांधून. आई, आबा पावसाशिवाय दुसरं घालतच नव्हते.”

बेचाळीस वर्षांत तुझ्या तोंडातून ‘आबा’ मी काल ऐकलं. एकदा नाही, दोनदा. प्रेतापुढं मडकं धरून चालला तवाही तू ‘त्यांना’ म्हणत होता, परक्यासारखं.

मी म्हटलं, मले काय समजते पाण्यातलं, समजणाऱ्यानं येऊन घालावं. तू म्हटलं, पाहतो. अन् ठेवून दिला. तुझ्या ह्या ‘पाहतो’चा मी काही अर्थ काढत नाही. कथलाच्या कांडीचं तू बोलला नाही, मीही विचारलं नाही. प्रेम सांगते, ती तुझ्या चष्म्याच्या डबीत आहे.

आता एक कबूल करते, नाही तर मंग म्हणशील पुन्हा खोटं बोलली. हापशीचं पाणी घातलं नाही. कोणतंच घातलं नाही. भादव्यातलं पाणी मी पन्हाळीखाली धरलं, दोनदा गाळलं, फडकं बांधून ठेवलं आहे. त्याच गुंडात, जो त्या दिवशी पाटीत सगळ्यायच्या खाली होता. त्याची कलई कधीच उडाली, मी पुन्हा लावली नाही. पण इंजिनाले पाजाले चालंल, असं शकूर म्हणते.

गुंड भरलेला आहे, मले उचलत नाही. हे हापशीचं खोटं तेवढं कागदावरच माफ कर. आधीच्याचं, तू पाणी घालून राह्यला असशील तवा, मी शेजारी बसून तोंडानं सांगंन. नाजिशले तवा पेन आणू देणार नाही.

आई